शेत, कळप आणि गाळ : दख्खनच्या मातीचा संगणकी हिशोब

दख्खनच्या पठारावर शेती आणि पशुपालन येऊन चार हजारांहून अधिक वर्षे झाली. एवढ्या काळात कुऱ्हाड, वणवा, नांगर आणि जनावरांचे खूर यांनी उतारावरची माती उघडी पाडली, पावसाने ती ओहोळात आणली आणि नद्यांनी खोऱ्यांत पसरली. पण माती केवळ माणसामुळे वाहत नाही. पाऊसमान बदलले, गवताळ राने वाढली, नदीने पात्र खोल कापले, तरीही ती वाहते. म्हणून नदीकाठच्या दरडीत गाळाचा जाड थर दिसला, तर त्यात पावसाचा वाटा किती आणि शेतकऱ्याचा किती, हे नुसते पाहून ठरत नाही. हे दोन वाटे वेगळे करण्यासाठी गेल्या काही दशकांत पुरातत्त्वाने संगणकी प्रारूपांची मदत घेतली आहे. पुण्याच्या नैर्ऋत्येचे खडकवासला या विषयाशी दोन बाजूंनी जोडलेले आहे. गावाच्या वरचे मुठेचे खोरे हे शेती आणि गुरचराईने घडवलेल्या भूमीचे चांगले उदाहरण आहे; आणि वाहते पाणी व माती यांच्या प्रतिकृती करून अभ्यास करण्याची भारतातील परंपरा याच गावी रुजली.

मुठेचे खोरे

खडकवासल्याच्या धरणात तीन नद्यांचे पाणी येते : टेमघरकडून मुठा, वरसगावकडून मोसे आणि पानशेतकडून आंबी. तिन्ही सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावतात. माथ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुणे शहरात 700 मिलिमीटरच्या आसपास, तर आणखी पूर्वेला शिरूरच्या पट्ट्यात 400 ते 500 मिलिमीटर. शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये पाऊस इतका घटत असल्याने जमीन वापरण्याच्या पद्धतीही पट्ट्यापट्ट्याने बदलत गेल्या.

घाटमाथ्याच्या मावळी खोऱ्यांत तळाशी भाताची खाचरे आणि उतारावर वरकस जमीन अशी मांडणी असे. वरकस जमिनीत नाचणी-वरई दोन-चार वर्षे पिकवून ती पुढे काही वर्षे पडीक ठेवत. भाताच्या रोपांसाठी राब भाजत. त्यासाठी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण दरवर्षी लागे. डोंगराच्या वरच्या टप्प्यांवर गवळी धनगर म्हशी राखत. माधव गाडगीळ आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी 1982 साली या समाजाच्या पर्यावरणीय जीवनावर निबंध प्रसिद्ध केला. पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातले मेंढपाळ धनगर पावसाळा पठारावर काढतात आणि पुढे कोकणाच्या बाजूला उतरतात. वाटेवरचे शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. शेत आणि कळप यांचे नाते असे दुहेरी आहे : कळप डोंगर खातो आणि शेताला खत देतो.

याच खोऱ्यांत मधूनमधून देवराया शिल्लक आहेत. वा. द. वर्तक आणि गाडगीळ यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांच्या नोंदी केल्या. नांगर आणि कुऱ्हाड न लागलेल्या जमिनीवर किती दाट झाडोरा टिकू शकतो, याचा तो जिवंत नमुना आहे. जुन्या भूमीचा हिशोब मांडताना तुलनेसाठी असा नमुना लागतो.

इनामगाव : तीन टप्प्यांची नोंद

दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांची सर्वांत सविस्तर माहिती मुठेच्या नव्हे, तर घोड नदीच्या काठावर मिळाली. शिरूर तालुक्यातील इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 ते 1982 या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी ते चालवले आणि त्याचा अहवाल 1988 साली प्रसिद्ध झाला. वस्तीचे तीन टप्पे ठरवले गेले : माळवा संस्कृती (इ.स.पू. सुमारे 1600 ते 1400), पूर्व जोर्वे (1400 ते 1000) आणि उत्तर जोर्वे (1000 ते 700).

पूर्व जोर्वे काळात घरे मोठी आणि चौकोनी होती. सातू हे मुख्य पीक होते; गहू, मसूर, वाटाणा ही धान्ये आणि कडधान्येही होती. पुराचे पाणी वळवण्यासाठी दगडगोट्यांचा बांध आणि सुमारे 200 मीटर लांबीचा पाट आढळला. प्राण्यांच्या हाडांत गाईबैल प्रमुख होते. उत्तर जोर्वे काळात चित्र पालटले. घरे लहान आणि गोल झाली, गव्हाचे प्रमाण घटले, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीच्या जनावरांचा वाटा वाढला. इ.स.पू. 700च्या सुमारास वस्ती उठली. दायमाबाद, नेवासे, जोर्वे ही प्रवरेकाठची जोर्वे संस्कृतीची गावे त्याआधीच ओस पडली होती.

ढवळीकरांनी या बदलाचे कारण हवामानात पाहिले. इ.स.पू. 1000च्या सुमारास पाऊस घटला, शेती भागेनाशी झाली आणि लोक अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे दोन बाजूंनी त्याची फेरतपासणी झाली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी 2011च्या ग्रंथात इनामगावच्या बालकांच्या सांगाड्यांवरून उत्तर जोर्वे काळात मुलांच्या वाढीवर ताण आल्याचे दाखवले. मात्र त्याच वेळी हवामान एकाएकी कोरडे झाल्याचा पुरावा पुरेसा नाही, असे मत मांडले. लोणार सरोवराच्या तळातील गाळावरील 2014च्या संशोधनात दीर्घ अवर्षणाचे दोन काळ ओळखले गेले : एक सुमारे 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे 2000 ते 600 वर्षांपूर्वीचा. जोर्वे संस्कृती या दोहोंच्या मधल्या काळात येते. दुसरीकडे गोदावरीच्या मुखाजवळ बंगालच्या उपसागरातून काढलेल्या गाळाच्या स्तंभावर लिव्हिऊ जिओसान आणि सहकाऱ्यांनी 2017 साली निबंध प्रसिद्ध केला. गेल्या सुमारे चार हजार वर्षांत समुद्रात येणारा गाळ पुष्कळ वाढला आणि त्यात दख्खनच्या बेसाल्टवरील मातीचा वाटाही वाढला, असे त्यांना दिसले. कोरडे होत गेलेले हवामान, विरळ झालेले वनाच्छादन आणि पसरत गेलेली शेती ही कारणे त्यांनी एकत्र मांडली.

ही कारणे एकत्र असतात, इथेच अडचण आहे. गाळ, हाडे आणि दाणे शेवटचा परिणाम दाखवतात. त्यामागची कारणे वेगवेगळी करून दाखवत नाहीत. इतिहास पुन्हा घडवून पाहता येत नाही, पण त्याचे एखादे अंग बदलून काय झाले असते हे गणिताने तपासता येते. प्रारूपांचे काम इथून सुरू होते.

खडकवासल्याचे हौद

वाहत्या पाण्याची प्रतिकृती करून प्रश्न सोडवण्याची रीत खडकवासल्यात शंभर वर्षांची आहे, आणि तिचा आरंभही शेतीने बिघडवलेल्या जमिनीपासून झाला. 1879 साली पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाने आणि त्यानंतरच्या नीरा कालव्याने दुष्काळी पठारावर बारमाही पाणी आणले. उसाचे मळे वाढले. पण जादा पाण्याने कालव्याखालची काळी जमीन पाणथळ आणि चोपण होऊ लागली. सिंचनाच्या पद्धती सुधारण्यासाठी मुंबई इलाख्याच्या सरकारने 1916 साली एक विशेष सिंचन शाखा उघडली. खडकवासल्याच्या तलावाखाली प्रयोगांना लागणारे पाणी उताराने आपोआप मिळत असल्याने तिचे संशोधन केंद्र तेथे उभे राहिले. क्लॉड इंग्लिस हे त्याचे पहिले संचालक. 1936 साली केंद्र भारत सरकारकडे गेले. आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ते हेच.

इंग्लिस यांच्या काळात नद्या, कालवे आणि बंधारे यांच्या लहान प्रतिकृती जमिनीवर बांधल्या जात आणि त्यांतून पाणी व वाळू सोडून मोजमापे घेतली जात. सिंधू नदीवरील सक्कर बंधाऱ्याच्या कालव्यांत शिरणाऱ्या वाळूचा प्रश्न येथे अभ्यासला गेला. 1949 साली इंग्लिस यांचा नद्या व कालवे यांच्या वर्तनावरील ग्रंथ पुण्याच्या या केंद्रातर्फे प्रसिद्ध झाला.

प्रतिकृतीची मर्यादा याच कामात स्पष्ट झाली. नदी शंभरपट लहान केली, तरी वाळूचा कण शंभरपट लहान करता येत नाही. लांबी-रुंदीच्या प्रमाणातच खोली घेतली, तर पाण्याचा थर इतका पातळ होतो की त्याची वागणूक बदलते. म्हणून उभे माप मुद्दाम वाढवून घ्यावे लागे आणि आलेला निष्कर्ष प्रत्यक्ष नदीवरच्या मोजमापांशी ताडून पाहावा लागे. काय गाळायचे, काय ताणायचे आणि उत्तर कशाशी पडताळायचे, हे तीन प्रश्न पुढे संगणकी प्रारूपांनाही तसेच लागू पडले. खडकवासल्याच्या केंद्रात आज हौदातील प्रतिकृती आणि गणिती प्रारूपे दोन्ही वापरली जातात.

उतारावरच्या मातीचे गणित

जुन्या शेतीचे प्रारूप तीन भागांनी बनते : भूमी, हवामान आणि माणसे. भूमीचा पाया म्हणजे उंचीचा अंकीय नकाशा. सगळा प्रदेश लहान चौकोनांत विभागला जातो आणि प्रत्येक चौकोनाची उंची, उतार, मातीची जाडी आणि वनस्पतींचे आच्छादन नोंदले जाते.

धुपेचे गणित मात्र शेतीखात्याकडून आले. अमेरिकेत वॉल्टर विश्मायर आणि ड्वाइट स्मिथ यांनी प्रयोगक्षेत्रांतील दहा हजारांहून अधिक क्षेत्रवर्षांच्या (एका क्षेत्राची एका वर्षाची नोंद म्हणजे एक क्षेत्रवर्ष) नोंदी एकत्र करून 1965 साली एक सूत्र मांडले. 1978 साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. वर्षाला किती माती जाईल, हे त्यात सहा घटकांच्या गुणाकाराने काढतात : पावसाचा मारा, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी, उताराची तीव्रता, पिकाचे वा झाडोऱ्याचे आच्छादन आणि बांधबंदिस्ती. यांत माणसाच्या हातात मुख्यतः शेवटचे दोन. उघड्या नांगरलेल्या रानासाठी आच्छादनाचा आकडा 1 धरतात, तर दाट जंगलासाठी तो 0.001 इतका खाली येतो. म्हणजे तोच पाऊस आणि तोच उतार असला, तरी देवराई तोडून शेत केले की धूप शेकडो पटींनी वाढू शकते.

या सूत्राची उणीव अशी, की ते गेलेल्या मातीचा हिशोब देते, साठलेल्या मातीचा देत नाही. उतार सौम्य झाला की ओहोळाचे बळ कमी होते आणि माती तिथेच बसते. तळाच्या खाचरांची सुपीकता यावरच उभी असते. हेलेना मितासोव्हा आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात केलेल्या मांडणीत प्रत्येक चौकोनातून वाहणारे पाणी किती माती पेलू शकते ते काढले जाते. ही क्षमता वाढली तिथे धूप, घटली तिथे साठवण. एका वर्षाचा हिशोब झाला की उंचीचा नकाशा बदलतो आणि पुढचे वर्ष त्या नव्या नकाशावर चालते. अशी शेकडो वर्षे चालवून पाहता येतात.

तिसरा भाग माणसांचा. प्रत्येक घराला संगणकात स्वतंत्र कर्ता धरतात. घरात खाणारी तोंडे किती, शेतापर्यंत चालत किती अंतर जायचे, जमीन किती वर्षे पडीक ठेवायची, कळपाला चारा किती लागतो, याचे नियम ठरवून दिले जातात. पीक कमी आले की घर नवे रान फोडते, कळप वाढवते किंवा गाव सोडते. या निर्णयांनी आच्छादन बदलते, आच्छादनाने धूप बदलते आणि धुपेने पुढच्या वर्षीचे पीक बदलते.

परदेशातील दोन कसोट्या

ॲरिझोनातील लाँग हाउस व्हॅली या दरीचे प्रारूप रॉबर्ट ॲक्स्टेल, जेफ्री डीन, जॉर्ज गमरमन, जोशुआ एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केले. इ.स. 800 ते 1350 या काळातील मका पिकवणारी कुटुंबे त्यात होती. दरवर्षीचे पाऊसपाणी वृक्षवलये आणि इतर पुराव्यांवरून घेतले होते. लोकसंख्येचा चढउतार प्रत्यक्ष पुराव्याशी बराच जुळला. फरक शेवटी पडला. इ.स. 1300च्या सुमारास दरी पूर्ण ओस पडली होती. प्रारूपात मात्र थोडी कुटुंबे तिथे तग धरून राहत. दुष्काळाने लोकसंख्या घटली हे खरे, पण शेवटच्या माणसाने गाव सोडण्यामागे सामाजिक कारणेही असली पाहिजेत, असा निष्कर्ष निघाला. इथे न जुळलेला भागच जास्त शिकवून गेला.

शेती आणि चराई यांच्या धुपेवरील परिणामाचा सर्वांत थेट प्रयोग ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या भूमध्य प्रदेशाविषयीच्या प्रकल्पात झाला. मायकेल बार्टन, आयझॅक उल्ला आणि मितासोव्हा यांनी 2010 साली उत्तर जॉर्डनमधील वादी झिक्लाब या नवाश्मयुगीन खोऱ्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. वस्तीचा लहानमोठा आकार, कायम कसलेली किंवा फिरती शेती आणि शेळ्यामेंढ्यांची चराई यांच्या वेगवेगळ्या जुळण्या त्यांनी करून पाहिल्या. आधी निर्धोक ठरलेली पद्धत वस्ती आणि वापर वाढला की नकळत एक उंबरठा ओलांडते आणि मग जमिनीची हानी सुरू होते, असे त्यात दिसले. त्या पिढीच्या शेतकऱ्याला हा उंबरठा कळत नाही, कारण कामाची रीत तीच असते आणि बदल संथ असतो.

जागतिक पातळीवर 2019 साली 250हून अधिक पुरातत्त्वज्ञांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासाने, तीन हजार वर्षांपूर्वीच पृथ्वीचा मोठा भाग शिकारी-संग्राहक, शेतकरी आणि पशुपालक यांच्या वापराने बदललेला होता, असे दाखवले. इनामगावचा उत्तर जोर्वे टप्पा याच सुमाराचा.

दख्खनसाठी कोणते आकडे लागतात

भूमध्य प्रदेशातील आकडे उचलून दख्खनवर लावता येत नाहीत. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि पीकही तेव्हाच उभे असते. इथे पाऊस जून ते सप्टेंबर पडतो. इनामगावचे सातू, गहू आणि मसूर ही रब्बीची पिके. पाऊस ओसरल्यावर काळ्या जमिनीतल्या ओलीवर ती पेरतात, म्हणजे ऐन पावसाळ्यात रान मोकळे असते. धुपेच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट स्थिती. उलट खरीप पिकाने पावसाळ्याच्या उत्तरार्धात जमीन झाकली जाते, पण सुरुवातीचे जोरदार पाऊस पेरणीच्या उघड्या मातीवरच येतात. म्हणून दख्खनच्या प्रारूपात आच्छादनाचा आकडा वर्षाचा एकच न धरता महिन्यागणिक धरावा लागतो.

कळपांचेही तसेच. गाईबैल नांगराला आणि खताला शेताजवळ लागतात. त्यांची चराई गावाच्या शिवारात होते. शेळ्यामेंढ्या दूरच्या माळावर जगू शकतात. उत्तर जोर्वे काळात कळपांचे स्वरूप बदलले, तेव्हा धुपेची जागाही गावाजवळच्या काळ्या रानातून माळांकडे आणि टेकड्यांकडे सरकली असणे शक्य आहे. मेंढपाळ हंगामानुसार फिरत असतील, तर एका जागेवरचा भार आणखी कमी होतो. पशुपालनाकडे वळणे हे केवळ ऱ्हासाचे लक्षण नसून थकलेल्या शेतीवरचा उपायही असू शकतो. दोन्ही शक्यता वेगवेगळ्या चालवून पाहणे आणि त्यांतून निघणारा गाळ घोड-भीमेच्या काठावरील थरांशी ताडणे, हा त्यावरचा मार्ग आहे.

त्या पडताळणीसाठी लागणारी सामग्री महाराष्ट्रात बरीच जमलेली आहे. शरद राजगुरू आणि विश्वास काळे यांनी पठारावरील नद्यांच्या गाळाचा क्रम आणि पात्रे कापली जाण्याचे काळ अभ्यासले. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात 1930च्या दशकापासून काळ्या जमिनीतील वाहून जाणारे पाणी आणि माती मोजली गेली. त्या काळच्या अनुभवातून 1942चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा आणि बांधबंदिस्तीची मोहीम आली. धरणांच्या तळाशी बसणारा गाळ ही तिसरी नोंद. मात्र खडकवासल्याची नोंद अखंड नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली. पुढे वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे उभी राहिल्याने डोंगराचा पुष्कळ गाळ आता वरच अडतो.

मर्यादा आणि मोल

प्रारूप भूतकाळ दाखवत नाही. दिलेल्या नियमांतून काय निघेल तेवढेच ते दाखवते. नियम चुकीचे असले, तरी उत्तर पुराव्याशी जुळू शकते आणि दोन वेगळ्या कहाण्यांतून एकच गाळ निघू शकतो. शिवाय देवाची राई राखणे, कुरण गावाने वाटून घेणे, कळप कोणत्या वाटेने न्यायचा याचे पिढीजात करार पाळणे, अशा गोष्टी चाऱ्याच्या आणि धान्याच्या हिशोबात सहज बसत नाहीत. त्या वगळल्या, तर प्रारूपातला माणूस फक्त पोटापुरता उरतो.

तरीही या पद्धतीचे मोल नेमके आहे. ‘पाऊस घटला म्हणून गाव उठले’ किंवा ‘जंगल तोडले म्हणून माती गेली’ अशी विधाने करताना किती पाऊस, किती शेत, किती जनावरे आणि किती वर्षे, हे सांगायला ती भाग पाडते. आकडे मांडले की काही कहाण्या अशक्य ठरून गळून पडतात आणि उरलेल्यांचा पुरावा कुठे खणायचा हे कळते. इनामगावच्या बाबतीत हवामान की माणूस, असा एकेरी प्रश्न टिकणारा नाही. ठरावीक पावसात ठरावीक शेत आणि ठरावीक कळप किती पिढ्या चालले असते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर उत्खनन, नदीचा गाळ आणि गणित या तिन्हींच्या एकत्र हिशोबातूनच मिळू शकते.